तिबेटी वाटी खायची की पूजेची? नक्षी सोडा, आकार बघा

लेह नाहीतर मॅक्लिऑडगंजहून आलेल्या लोकांच्या शोकेसमध्ये एखादं नक्षीदार तिबेटी भांडं असतंच, आणि त्याबद्दल दोनपैकी एक घोळ ठरलेला. एकतर साध्या चहाच्या वाटीला "पूजेचंय ते, हात नको लावू", नाहीतर पूजेच्या भांड्यात सरळ श्रीखंड. हे दुसरं मी स्वतः खाल्लंय, लोण्याच्या दिव्यातून, त्यावर पुढे येतोच.

पूजेच्या भांड्यांचं आपल्याला फार सांगायला नको. पाण्याच्या सात वाट्या ओळीने मांडतात, सकाळी भरतात, संध्याकाळी रिकाम्या करून पालथ्या घालतात, दिवा म्हणजे आपलं निरांजन समजा. झालं.

खरा घोळ होतो तो नक्षीमुळे. वाटीच्या झाकणावर कमळ, शंख, चक्र, दोन मासे, छत्र, कलश, ध्वज आणि ती न संपणारी गाठ दिसली की आपण लगेच ठरवतो की हे धार्मिक. अहो, ही अष्टमंगल चिन्हं आहेत, तिबेटी लोक त्यांना ताशी ताग्ये म्हणतात, आणि ती दारावर, पडद्यावर, पेटीवर, तंबूवर, चहाच्या कपावर, सगळीकडे असतात. आपल्याकडे चोपडीवर शुभ-लाभ लिहितात म्हणून चोपडी देव्हाऱ्यात जाते का? शुभ चिन्ह वेगळं आणि पूजेचं उपकरण वेगळं. आपल्याकडे सोवळ्याची भांडी आणि जेवायची भांडी यांच्यात भिंत असते, त्यामुळे जेवायच्या भांड्यावर धर्माची खूण हेच आपल्याला पटत नाही आणि मग गडबड होते. खुणा दोन्हीकडे त्याच असल्यावर खुणांवरून ओळखणार काय, कपाळ?

कपाळावरून आठवलं, सगळ्यात जास्त गल्लत होते ती चहाच्या सेटची आणि कपाल नावाच्या विधीच्या पात्राची. दोन्हीत तीन भाग, खाली स्टँड, मध्ये वाटी, वर झाकण. चहाच्या सेटमध्ये मधली वाटी बहुतेक चिनी मातीची, तोंड गोल, खालचं चांदीचं स्टँड गोल नाहीतर कमळाच्या पाकळ्यांसारखं, आणि झाकण देवळाच्या शिखरासारखं निमुळतं होत जाऊन टोकाला पोवळं किंवा पिरोजा. ही मानाच्या माणसाची चहाची वाटी, आत लोणी-मीठ घातलेला चहा, झाकण कशाला तर चहा गरम राहावा म्हणून. यात गूढ वगैरे काही नाही.

कपाल म्हणजे माणसाच्या कवटीचं पात्र, तांत्रिक विधीतलं, आणि धातूचं केलं तरी आकार कवटीचाच ठेवतात, म्हणून तोंड लांबट. स्टँड तिकोनी, कोपऱ्यांवर बहुतेक वेळा तीन मुंडकी, आणि झाकणाच्या टोकाला अर्धं वज्र, म्हणजे विधीतल्या त्या दोन टोकांच्या धातूच्या वज्राचं एकच टोक. तेव्हा वाटी वरून बघा, गोल की लांबट, मग स्टँडचे कोपरे मोजा, मग झाकणाचं टोक बघा. दुकानदार काय सांगतो ते सगळ्यात शेवटी ऐका, खरं तर नाही ऐकलं तरी चालेल.

आता श्रीखंड. लोण्याचा दिवा दिसतो अगदी आइस्क्रीमच्या उभ्या कपासारखा, त्यामुळे घेणाऱ्याचा फार दोष नाही. पण आत बोट घाला, बुडाला मधोमध बारीक भोक लागेल, वात उभी राहायला केलेलं. ज्या कपात असं भोक तो दिवा, विषय संपला. माझं श्रीखंड त्या भोकात अडकलं होतं आणि यजमानीणबाई म्हणत होत्या की घासायला भारी त्रास होतो हो याला.

मला विचाराल तर चांदीच्या झगमगाटापेक्षा लाकडी वाटीच घ्या. तिला फोरपा म्हणतात. झाडाच्या खोडावर जी गाठ येते ती कातून करतात, त्यामुळे लाकडातच लाटांसारखी रेघ उमटते, आणि पैसेवाला असेल तर आतून चांदी मढवतो. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, ते त्यातच चहा ओतून बोटांनी मळायचं आणि खायचं. पूर्वी प्रत्येकाची वाटी स्वतःची असायची, अंगरख्याच्या छातीशी खोचलेली, खाऊन झालं की चाटून पुसून परत आत. तिबेटच्या राजधानीत, जुन्या ल्हासात, सरकारी अधिकाऱ्यांच्या कमरेला तर वाटीची पिशवी लटकायची, पोशाखाचाच भाग. भिक्षूसुद्धा रोजचं खाणं परंपरेने लाकडी वाटीत खात आलेत, आणि गंमत अशी की विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचाराच्या, नियमात लाकडी भिक्षापात्र चालतच नाही, लोखंडाचं किंवा मातीचंच हवं. पण फोरपा हे भिक्षापात्र नाहीच, ती वाटी आहे, म्हणून चालतं.

आणि हो, ती वाजवायची काशाची वाटी, आत मशीनने बुद्ध कोरलेला, "प्राचीन भिक्षूंचं जेवणाचं पात्र" म्हणून विकतात ती. भिक्षू जेवतात कशात ते वर सांगितलं. आवाज आवडला तर जरूर घ्या, पण मला त्यात वरण वाढू नका.