काळं, जड, जाळीदार ब्राझिलियन रोझवूड: गैरसमज आणि खरी पारख

‘रोझवूड जितकं काळं, जड आणि जाळीदार, तितकी गिटार गोड’ हा समज दुर्मीळ ब्राझिलियन रोझवूडबद्दल वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. या लाकडाची आणि आपल्या शिसवाची सरासरी घनता जवळपास सारखीच, घनमीटरला सुमारे ८३० किलो. लँकेस्टर विद्यापीठाच्या २०१८ मधल्या प्रयोगात ५२ वादकांनी लाकूड न पाहता सहा गिटारी वाजवल्या. फरक होता तो फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडात. ब्राझिलियन रोझवूडची गिटार ठळकपणे सरस ठरली नाही.

जाळीदार नक्षी बहुधा बुंध्याच्या किंवा सपाट कापाच्या, म्हणजे वाढीच्या रेषा पृष्ठभागाला जवळपास समांतर असलेल्या, फळीत दिसते. देखणी खरी, पण हवेतला दमटपणा बदलला की अशी फळी रुंदीत जास्त फुगते-आकसते आणि चिरते. म्हणून आधी फळीचं टोक पाहा: वाढीच्या रेषा पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या हव्यात. मग टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर फळी चिमटीत धरून मध्यावर टकटक करा. नाद लांबला तर चांगलं, लगेच विझला तर ओल किंवा लपलेली भेग शोधा. तासून पाठ अडीच मिमीच्या आसपास उरते, त्यामुळे पाठीसाठीच्या दोन फळ्यांची मुळातच पातळ किंवा वाकडी जोडी घेऊ नका.

किंमत मात्र कागदपत्रांवर ठरते. १९९२ पासून हे झाड साइट्स (CITES) या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना या कराराच्या परवान्यांतून २०१९ मध्ये मिळालेली सवलत याला लागू नाही. साठा १९९२ पूर्वीचा असल्याचा पुरावा नसेल, तर कितीही सुंदर फळी सीमेपलीकडे विकता येत नाही.