इमारतीत माणसं किती? लीडचा फॉर्म भरण्याआधी वाचा

कामाच्या पहिल्याच बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारतो आणि बहुतेकदा पगारपत्रकावरचा आकडा हातात पडतो. तेवढ्यावर भागत नाही. लीड म्हणजे हरित इमारतींना प्रमाणपत्र देणारी पद्धत, आणि तिचा हिशेब डोक्यांचा नाही, तासांचा असतो. (या पत्रकातले नियम आणि आकडे लीडच्या चौथ्या आवृत्तीतले आहेत.)

दिवसाचे आठ तास म्हणजे एक एफटीई (फुल-टाइम इक्विव्हॅलंट, म्हणजे पूर्ण वेळच्या एका माणसाइतकी हजेरी). समजा, ६० जण पूर्ण वेळ आहेत, १२ जण चार-चार तास येतात आणि सफाईचे तिघे दोन-दोन तास. तास झाले ४८० अधिक ४८ अधिक ६, म्हणजे ५३४. त्याला आठाने भागलं की ६६.७५. डोकी ७५, एफटीई ६६.७५. पाऊण माणूस बघून हसू येतं, पण हिशेब चालू असताना तो तसाच राहू द्या.

सफाई, सुरक्षा आणि कॅन्टीनची माणसं कंत्राटदाराच्या पगारावर असतात म्हणून यादीतून हमखास गळतात. नळ तीही उघडतातच, त्यामुळे त्यांना धरायचं. दारावर तीन शिफ्टमध्ये एकेक रखवालदार असेल, तर पाण्याच्या हिशेबात ते तीन एफटीई होतात. एका वेळी हजर किती, हे मोजताना मात्र एकच.

बाहेरून येणाऱ्यांचे आकडे दोन लागतात: दिवसभरात सरासरी किती आले आणि सर्वाधिक गर्दीच्या वेळी एकदम किती होते. पहिला पाण्यासाठी, दुसरा सायकल स्टँडसाठी. पाहुण्यांच्या सायकलींसाठी गर्दीच्या आकड्याच्या २.५ टक्के जागा लागतात, नेहमीच्या माणसांसाठी ५ टक्के, आणि दोन्हीकडे किमान चार. शॉवर नेहमीच्या माणसांपैकी पहिल्या १०० जणांमागे एक, पुढे दर १५० जणांमागे आणखी एक. राहत्या घरांत माणसं मोजत बसावं लागत नाही. बेडरूमच्या संख्येत एक मिळवायचा. दोन बेडरूमचा फ्लॅट म्हणजे तीन माणसं.

आता स्त्री-पुरुष प्रमाण. सगळ्यात जास्त वाद इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाण्याची बचत टक्क्यांत मोजतात. बेसलाइन (तुलनेसाठी ठरवून दिलेली साधी फिटिंग्ज) आणि तुमचं डिझाइन, दोन्हीकडे माणसं तीच असतात. त्यामुळे एफटीई ६७ ऐवजी ७५ धरले तरी टक्का जवळपास तिथेच राहतो. प्रमाण बदललं की मात्र तो हलतो. कार्यालयात स्त्रीमागे दिवसाला कमोडचे ३ फ्लश धरतात, पुरुषामागे कमोडचा १ आणि युरिनलचे २. बेसलाइनला कमोड ६ लिटरचा, युरिनल ३.८ लिटरचं. तुम्ही ४.८ लिटरचा कमोड आणि अर्ध्या लिटरचं युरिनल बसवलंत, तर निम्मे-निम्मे धरून फ्लशिंगमधली बचत येते सुमारे ३६ टक्के. तेच पुरुष ७० टक्के दाखवले की ती ४४ वर जाते. एकही फिटिंग न बदलता!

म्हणूनच लीड निम्मे-निम्मे गृहीत धरतं आणि वेगळं प्रमाण दाखवलं तर कारण विचारतं. "पुरुष थोडे वाढवून दाखवता येतील का?" असं आम्हाला अधूनमधून विचारलं जातं. नाही. खरोखरच तसं प्रमाण असेल, तर हजेरीपट द्या, आम्ही मांडू.

इमारत भाड्याने द्यायची आहे आणि भाडेकरू ठरलेला नाही, अशा वेळी ठरीव दर वापरतात. साध्या कार्यालयाला माणशी २३ चौरस मीटर, म्हणजे २,३०० चौरस मीटरला १००. वायुवीजनाचा अभियंता त्याच जागेसाठी ११५ म्हणेल, कारण अॅश्रे ६२.१ या वायुवीजनाच्या मानकामध्ये कार्यालयाला १०० चौरस मीटरमागे ५ माणसं धरतात. हे दोन आकडे वेगळे असले तरी चूक कुणाचीच नाही. हवेचा हिशेब वेगळ्या कामासाठी आहे. पण पाण्याच्या फॉर्ममध्ये एफटीई १०० आणि सायकलच्या फॉर्ममध्ये ८५ असं दिसलं, की लीडकडून फॉर्म तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा शेरा आलाच म्हणून समजा. एका प्रकल्पात आमच्याच हातून हे झालं होतं: मधेच नवी यादी आली, एक फॉर्म सुधारला, दुसरा तसाच गेला. तेव्हापासून आम्ही एकच वापरकर्ता तक्ता बनवतो, त्यावर तुमची सही घेतो आणि सगळे फॉर्म त्यातूनच भरतो.

त्या तक्त्यासाठी शिफ्टवार हजेरी, कंत्राटी माणसांचे तास आणि प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीची नेहमीच्या आठवड्याची पानं पाठवा. सणासुदीचा आठवडा नको.