हरकत नोंदवली म्हणजे मालकी आली का?

सांगलीत विकास आराखडा निघाला की लोक महापालिकेत जाऊन नकाशावर आपला प्लॉट शोधतात, आरक्षण पडलंय का बघतात, हरकतीचा अर्ज देतात आणि पोच घेऊन येतात. १९६६ च्या नगररचना कायद्यात ही सोय आहे, पुढे सुनावणीही होते. हा झाला लोकसहभाग. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरसारख्या पुराच्या वस्तीतला माणूस तिथे नकाशावरच्या निळ्या-लाल पूररेषेबद्दल पोटतिडकीनं बोलू शकतो. साहेब ऐकून घेतात. निर्णय मात्र त्यांचाच, आणि हरकत फेटाळली तर आपल्याकडे उरते ती पोच. प्रभाग समित्यांचीही तीच गत. असू नयेत असं नाही, पण त्यांना 'लोकांच्या हाती कारभार' म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं.

लोकमालकीत जागा आणि तिच्यावरचा निर्णय, दोन्ही वस्तीच्या संस्थेकडे असतात. याचं ठसठशीत उदाहरण अमेरिकेत बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात आहे. डडली स्ट्रीटच्या परिसरात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि केप व्हर्डियन लोकांची वस्ती. बँका कर्ज देईनात, घरं जळाली, रिकाम्या प्लॉटवर बाहेरचे लोक कचरा आणून टाकू लागले. १९८४ मध्ये तिथं सुधारणेसाठी संस्था उभी राहिली, तर सुरुवातीच्याच सभेत रहिवाशांनी विचारलं, तुमच्यातले इथे राहतात किती? त्यावरून कार्यकारी मंडळच नव्यानं ठरलं: बहुमत रहिवाशांचं आणि गोऱ्यांसह चारही प्रमुख समाजांना सारख्या जागा. १९८८ मध्ये शहरानं या संस्थेला ठरावीक पट्ट्यातल्या पडीक जमिनी सक्तीनं संपादित करायचा अधिकार दिला. असा अधिकार एरवी सरकारकडेच असतो. आता तिथं जमीन या संस्थेनं काढलेल्या ट्रस्टची, तर घर कुटुंबाचं. घर विकता येतं, पण किमतीला मर्यादा असते, म्हणून आजूबाजूचे भाव चढले तरी ते सामान्य माणसाच्या आवाक्यात राहतं.

तरीही मालकीपाठोपाठ समता येतेच असं नाही. आपली गृहनिर्माण सोसायटी बघा. मालकी सभासदांची, सर्वसाधारण सभा त्यांचीच, आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूला मत नाही. तिकडे वर्ण आडवा येतो, आपल्याकडे जात आणि जमीन.

याला उत्तर सांगली जिल्ह्यातच सापडतं. खानापूर तालुक्यात येरळेवर बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि पाणी जमिनीच्या मापानं न वाटता कुटुंबागणिक वाटायचं ठरवलं. भूमिहीनांचाही वाटा त्यात धरला.

उद्या सांगलीतल्या एखाद्या वस्तीनं पुनर्वसनाची जागा संस्थेच्या नावावर घ्यायची म्हटली, तर भाडेकरू सभासद होणार की नाही, हे संस्थेच्या पोटनियमांत नोंदणीआधीच लिहून घ्यावं. एकदा घरमालकांचं बहुमत झालं की ते कलम कोणी घालू देणार नाही.