निर्धूर चूल

निर्धूर चूल : लाकूड, काटक्या, पऱ्हाट्या, तुरकाट्या, गोवऱ्या असे घन जैव इंधन जाळणारी, पण जळणाचा धूर बंदिस्त मार्गाने धुराड्यात नेऊन घराबाहेर सोडणारी चूल. सरकारी कागदपत्रांत ‘सुधारित चूल’ ही संज्ञा तिच्यासाठी सरसकट वापरलेली आढळते. मात्र सुधारित चुलींच्या बऱ्याच प्रकारांना धुराडे नसते. त्या जळण वाचवतात, धूर मात्र स्वयंपाकघरातच राहतो. आरोग्याच्या दृष्टीने हा भेद मूलभूत असल्याने येथे प्रामुख्याने धुराड्याच्या चुलीचा विचार केला आहे.

रचना व कार्य : मुख्य चुलीला शेजारी वैल (दुसरे भांडे ठेवण्याची जोडचूल) जोडण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. चुलीतली धग आतल्या भोकातून वैलाखाली जाते आणि तिथे आमटी, दूध किंवा पाणी मंद आचेवर राहते. निर्धूर चुलीचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. वैलाच्या पलीकडे ज्वलनवायूंना आणखी एक वाट देऊन ती उभ्या नळाला जोडली, की चूल ‘निर्धूर’ होते. नळातील तापलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असल्यामुळे वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. ही ओढ नळाच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. ओढ बेताची नसेल तर दोन्हीकडून तोटा होतो : जास्त झाली, तर उष्णता भांड्यांना न लागताच निघून जाते, कमी पडली, तर धूर तोंडातून परत फिरतो. यावर उपाय म्हणून दुसऱ्या भांड्याखाली मातीचा उंचवटा ठेवून ज्वाला भांड्याच्या बुडाला घासून जाईल अशी योजना करतात. काही नमुन्यांत नळाच्या बुडाशी सरकती झडपही असते.

दुसऱ्या भोकावर भांडे नसेल, तर ओढ तिथेच तुटते आणि चूल साध्या चुलीइतकीच धुरावते. म्हणून एकच भांडे चढवायचे असले, तरी दुसरे भोक पाण्याच्या पातेल्याने किंवा झाकणाने बंद ठेवावे लागते. ही बाब किरकोळ वाटली, तरी चुलीचा सारा गुण तीवर अवलंबून आहे. नळ साधारणतः १० सेंमी. व्यासाचा व सिमेंटचा असतो. तो छपराच्या वर निदान ६० सेंमी. काढतात आणि त्यावर पाऊस रोखणारी टोपी बसवतात. गवती छपरातून नळ नेताना भोवती पत्रा लावणे आवश्यक असते.

उगम व कालनिश्चिती : भारतातील पहिली निर्धूर चूल कोणती, याविषयी दोन परंपरा आहेत. एका परंपरेनुसार हा मान वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या ‘मगन चुली’कडे जातो. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला व जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीतून त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली चालू लागले. वाडीला साबरमती आश्रमाचे व्यवस्थापक मगनलाल गांधी (मृत्यू १९२८) यांचे नाव देण्यात आले होते. तेच पुढे चुलीला लाभले. घाणी, चरखा, हातकागद यांच्याबरोबर स्वयंपाकघरही या संघाच्या प्रयोगांचा विषय होते. तांत्रिक आढाव्यांत मगन चुलीसाठी बहुधा १९४७ हे वर्ष दिले जाते. दुसरी परंपरा हैदराबाद अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांच्या चुलीला अग्रमान देते. लाखो घरांची स्वयंपाकघरे धूरमुक्त करण्याचा पुरस्कार करणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका १९५३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाली.

या दोन तारखा एका जातीच्या नाहीत, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. १९५३ हे छापील पुस्तिकेचे वर्ष आहे, चुलीच्या पहिल्या मांडणीचे नव्हे; प्रयोगशाळेतील काम त्याआधीचे असणारच. उलट, १९४७ हे वर्ष नंतरच्या आढाव्यांनी एकमेकांकडून उचललेले दिसते. त्यामुळे दोन्ही चुली १९४०–५३ या काळातल्या मानणे आणि मगन चूल काहीशी आधीची धरणे अधिक सयुक्तिक वाटते. एकीने दुसरीवरून रचना घेतली, असे म्हणण्याइतके साम्य मात्र पुरेसे नाही. बंदिस्त मार्ग, त्यावर एकापुढे एक भांडी आणि शेवटी नळ ही मांडणी वैलाच्या चुलीवरून कोणालाही सुचण्याजोगी आहे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाच्या काळात दोन्ही नमुन्यांचा प्रचार झाल्याने पुढच्या लेखनात त्यांची सरमिसळ झाली असावी.

उगमाच्या वादापेक्षा हेतूंतील फरक महत्त्वाचा आहे. राजू यांचा भर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या सोयीवर व आरोग्यावर होता. १९७० नंतर जळाऊ लाकडाच्या टंचाईची चर्चा जगभर सुरू झाली, तेव्हा चुलीचे मोजमाप ‘किती लाकूड वाचले’ या एकाच पट्टीवर होऊ लागले आणि धूर मागे पडला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ गटाची तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ (कन्नड ‘ओले’ म्हणजे चूल) आणि मधू सरीन यांनी चंदीगडजवळच्या नाडा गावातील स्त्रियांबरोबर घडवलेली ‘नाडा चूल’ हे त्यानंतरच्या पिढीचे नमुने होत. यांपैकी नाडा चूल विशेष मोलाची वाटते, कारण तिची मापे स्वयंपाक करणाऱ्या हातांनी ठरवली होती.

प्रसार : केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू होऊन २००२ मध्ये बंद झाला. या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्याचे सांगितले जाते. साध्या चुलीची कार्यक्षमता, म्हणजे जळणातील उष्णतेपैकी भांड्याला लागणारा वाटा, सुमारे १० टक्के धरली जाते. कार्यक्रमात पक्क्या चुलीसाठी किमान २० टक्क्यांची अट होती. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) या आनंद कर्वे यांच्या संस्थेने साच्यातून ओतायच्या सिमेंटच्या चुली प्रचारात आणल्या. दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ हा त्यांतील परिचित नमुना. साच्यामुळे मापे चुकत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. हाताने लिंपलेल्या चुलीत आतला मार्ग दोन बोटे अरुंद झाला, तरी ओढ बिघडते.

अनेक घरांत या चुली दोन-तीन वर्षांतच निकामी झाल्या. त्याचा दोष स्त्रियांच्या अज्ञानाला देणे अन्यायाचे आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजल्यावर चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी धरून फुगवली जाते. निर्धूर चुलीचे तोंड मुद्दाम लहान ठेवलेले असल्याने तिथे निखारे ओढायला जागा नाही आणि भाकरीही उभी राहत नाही. मग तोंड फोडून मोठे केले जाई, ओढ जाई आणि धूर परत घरात येई. जाड ओंडका आत शिरत नाही, तो फोडावा लागतो. हे वाढीव कामही बाईच्याच वाट्याला येते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातील खेड्यांत घेतलेल्या दीर्घ चाचणीतही हेच दिसले : पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर घटला, पुढे दुरुस्ती व वापर कमी होत गेल्यावर फरक उरला नाही.

आरोग्याशी संबंध : चुलीच्या धुरात २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, बेंझोपायरीन इ. घटक असतात. बारीक कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक शिफारस दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, तर भारतीय मानक ४० मायक्रोग्रॅम आहे. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हे प्रमाण शेकड्यांत आणि अनेकदा हजारांत जाते. जुनाट श्वसनरोध, लहान मुलांतील न्यूमोनिया, हृदयविकार, मोतीबिंदू व कमी वजनाची बाळे यांच्याशी या धुराचा संबंध जोडला गेला आहे. हृदयरोगतज्ज्ञ एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत पाहिले, की फुप्फुसाच्या जुनाट विकारातून येणारा हृदयरोग फारशा धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही पुरुषांइतकाच आढळतो. त्यांनी त्याचे कारण चुलीच्या धुरात शोधले. अमेरिकी पर्यावरणीय आरोग्यतज्ज्ञ कर्क स्मिथ (१९४७–२०२०) यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाजवळची हवा मोजली, तेव्हापासून या विषयाला आकड्यांचा आधार मिळाला. २०१९ साली भारतातील सुमारे सहा लाख मृत्यू घरगुती हवाप्रदूषणाशी निगडित असल्याचा अंदाज आहे.

धुराडे बसवल्याने रोग किती टळतो, यावर एकवाक्यता नाही. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातील सुमारे ५०० घरांच्या चाचणीत (निष्कर्ष २०११) धुराड्याच्या चुलीमुळे बालकांचा कार्बन मोनॉक्साइडशी संपर्क जवळपास निम्म्यावर आला. एकूण न्यूमोनियातील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही. तीव्र न्यूमोनिया मात्र सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाला. मालावीत पंख्याच्या चुलींनी (२०१७) न्यूमोनियात फरक पडला नाही. तमिळनाडूसह चार देशांत झालेल्या गॅसवरील चाचणीत कणांशी संपर्क बराच घटूनही जन्मवजन व तीव्र न्यूमोनिया यांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. अर्धवट आणि उशिरा केलेली घट पुरत नाही, हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. शिवाय धुराडे धूर नष्ट करत नाही, केवळ हलवते. दाट वस्तीत एका घराचा धूर शेजारच्या खिडकीतून परत येतो.

वापर व निगा : कोरडे जळण ही पहिली अट आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी सरपणाची बेगमी करून ते पडवीत किंवा मांगरात रचण्याची पद्धत आरोग्यासाठीही हिताची आहे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि उरलेले धुमसते. गोवऱ्यांचा धूर लाकडापेक्षा जास्त असतो. नळातील काजळी नियमितपणे झाडावी लागते. लांब काठीला चिंध्या बांधून ती वरून फिरवतात व बुडाशी पडलेला काळा भुगा काढून टाकतात. तोंडातून धूर येऊ लागणे ही बहुधा नळ तुंबल्याची खूण असते. अशा वेळी फुंकणी मारत राहिल्याने धूर अधिक छातीत जातो. भांड्यावर झाकण ठेवणे, डाळ आधी भिजवणे, चुलीसमोरची खिडकी किंवा कौलांखालची फट मोकळी ठेवणे आणि तान्ह्या मुलाला स्वयंपाक होईपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवणे, यांना खर्च नाही. नाकाला लावलेला पदर बारीक कण अडवत नाही.

धूर दिसत नाही म्हणून हवा सुरक्षित आहे, असे मानणे घातक ठरते. पेटलेल्या कोळशाची शेगडी जवळजवळ धूर देत नाही, पण बंद खोलीत तिच्यातून साचणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. त्याला वास नसतो. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवताना दार किंवा खिडकी उघडी असलीच पाहिजे. डासांच्या अगरबत्तीबाबतही सावधगिरी हवी : २००३ मधील एका अभ्यासानुसार एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात.

सद्यःस्थिती : १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर शासकीय भर चुलीकडून गॅसकडे वळला. योजनेतील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे ८० टक्के नोंदले गेले. हे आकडे मुख्य इंधनाचे आहेत. सिलिंडर असलेल्या अनेक घरांत चहा व आमटी गॅसवर होते, पण भाकरी, जनावरांचे आंबोण आणि आंघोळीचे पाणी चुलीवर किंवा बंबावर राहते. अशा घरांत पाण्याची चूल न्हाणीच्या बाहेर, वारा घराकडे येत नाही त्या अंगाला मांडणे आणि शक्य तेथे सौरबंब बसवणे हा धुराचा मोठा वाटा कमी करण्याचा सोपा मार्ग आहे.