शेन : भूविवाद आणि प्रेक्षकमते

शेन हा जॉर्ज स्टीव्हन्स यांनी दिग्दर्शित केलेला आणि पॅरामाउंट कंपनीने १९५३ साली प्रदर्शित केलेला रंगीत अमेरिकन वेस्टर्न चित्रपट आहे. जॅक शेफर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून (१९४९) ए. बी. गथ्री (धाकटे) यांनी त्याची पटकथा लिहिली. अ‍ॅलन लॅड (शेन), व्हॅन हेफ्लिन व जीन आर्थर (स्टॅरेट दांपत्य), ब्रँडन डी वाइल्ड (त्यांचा मुलगा जोई), एमील मायर (रायकर) आणि जॅक पॅलन्स (भाडोत्री बंदूकबाज विल्सन) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. सहा ऑस्कर नामांकनांपैकी केवळ रंगीत छायाचित्रणाचे पारितोषिक लॉयल ग्रिग्ज यांच्या रूपाने चित्रपटाच्या वाट्याला आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश १९९३ मध्ये झाला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर चित्रपटांच्या यादीत त्याचे स्थान १९९८ साली ६९वे, तर २००७ साली ४५वे होते. २००८ च्या वेस्टर्नपटांच्या यादीत तो तिसरा आहे. क्रमांक असा वर चढत गेला असला, तरी त्याविषयी प्रेक्षकांत कधी एकमत झालेले नाही, आणि मतभेदाची बहुतेक टोके कथेतील जमिनीच्या तंट्यापाशी येऊन मिळतात.

कथानक सर्वपरिचित असल्याने येथे थोडक्यात नोंदविणे पुरेसे आहे. वायोमिंगमधील एका खोऱ्यात शेतकऱ्यांची काही कुटुंबे सरकारी जमिनीवर हक्क नोंदवून राहिली आहेत. गुरांचा मोठा मालक रायकर त्यांना उठवू पाहतो (हे आडनाव आपल्याकडील नावासारखे वाटले, तरी साम्य केवळ उच्चारापुरते आहे). आपल्या भूतकाळाविषयी काहीही न सांगणारा घोडेस्वार शेन स्टॅरेटकडे गडी म्हणून राहतो, बंदूक बाजूला ठेवतो आणि अखेरीस पुन्हा हाती घेतो.

या तंट्याचे कायदेशीर स्वरूप नीट समजून न घेतल्यामुळे बऱ्याच प्रेक्षकांचा गैरसमज होतो. मराठी प्रेक्षकाला येथे जमीनदार आणि कूळ यांचा झगडा दिसण्याची शक्यता अधिक. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ याची आणि 'कसेल त्याची जमीन' या घोषणेची आठवण होणेही स्वाभाविक आहे. परंतु रायकर हा जमीनदार नव्हे. ज्या कुरणावर तो हक्क सांगतो, त्यातील बहुतांश भागाचा मालकीचा कागद त्याच्यापाशी नाही. ते संघराज्य सरकारचे खुले कुरण आहे, आपल्याकडील गायरानाशी काहीसे जुळणारे. फरक असा की, गायरान गावाच्या वापराचे असते आणि वायोमिंगच्या खुल्या कुरणात मात्र ज्याची गुरे आधी पोहोचली त्याची वहिवाट चालत असे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला नाममात्र शुल्कावर १६० एकरांपर्यंत जमीन नोंदविता येई, आणि पाच वर्षे तेथे राहून ती लागवडीखाली आणल्यास मालकी मिळे. वायोमिंगच्या कोरड्या हवामानात एक गाय पोसायला कित्येक एकर लागत असल्यामुळे १६० एकरांत गुरांचा धंदा होण्यासारखा नव्हता. पण तेच १६० एकर ओढ्याकाठी नोंदवून कुंपण घातले, तर मागचे हजारो एकर कुरण पाण्याविना निरुपयोगी होई. जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे एकस्व (पेटंट) १८७४ मध्ये मिळाल्यानंतर असे कुंपण स्वस्त झाले. थोडक्यात, भांडण जमिनीचे म्हणून ओळखले जाते आणि असते पाण्याचे.

कथेमागील ऐतिहासिक घटना कोणती, हा वादाचा विषय आहे. रूढ मत असे की, शेन हा जॉन्सन परगण्यातील १८९२ च्या संघर्षाचा नाट्यावतार होय. त्या वर्षी एप्रिलमध्ये वायोमिंगमधील बड्या गुरेमालकांनी टेक्सासमधून भाड्याने आणलेल्या बंदूकबाजांसह सुमारे पन्नास जणांची टोळी शायेन या शहरातून खास रेल्वेगाडीने कॅस्परला आणि तेथून घोड्यांवर उत्तरेकडे पाठविली. केसी रँचवर ९ एप्रिलला नेट चॅम्पियन व निक रे यांना ठार केल्यानंतर टीए रँचवर टोळीलाच संतप्त स्थानिकांचा वेढा पडला, आणि १३ एप्रिलला घोडदळाने येऊन तिला वाचविले. पुढे टोळीवरील खटला १८९३ मध्ये सोडून देण्यात आला. भाडोत्री बंदूकबाज, लहान वसाहतकरी आणि संघटित भांडवल ही तिन्ही अंगे चित्रपटात सापडतात हे खरे.

मात्र या मताला अडचणी आहेत. शेफर यांची कादंबरी १८८९ मध्ये, म्हणजे त्या संघर्षाच्या तीन वर्षे आधी घडते. शिवाय जॉन्सन परगण्यातील आरोपांचा गाभा गुरेचोरीचा होता आणि चित्रपटात गुरेचोरीला जवळजवळ स्थान नाही. १८८९ हेच वर्ष धरायचे, तर त्या जुलैत स्वीटवॉटर खोऱ्यात एला वॉटसन व जिम अ‍ॅव्हरेल यांना गुरेमालकांनी फासावर लटकविले, ती घटना अधिक जवळची ठरते. तिच्यामागे नोंदविलेल्या जमिनीचा वाद असल्याचे बरेच अभ्यासक मानतात. तथापि तिचाही थेट माग कादंबरीत लागत नाही. शेफर हे पूर्वेकडील वृत्तपत्रांत संपादक होते, आणि ही कथा लिहिताना त्यांनी पश्चिम प्रदेश पाहिलेलाही नव्हता. ती प्रथम १९४६ मध्ये आर्गोसी या नियतकालिकात क्रमशः आली. त्यामुळे कोणत्याही एका घटनेपेक्षा वाचनातून जमलेल्या अनेक वृत्तांतांचा हा अर्क असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चित्रीकरण १९५१ च्या उन्हाळ्यात व शरदात जॅक्सन होल येथे, टिटॉन पर्वतरांगेच्या पायथ्याशी झाले. हे खोरे जॉन्सन परगण्यापासून बरेच पश्चिमेला आहे. त्याचा स्वतःचा भूविवाद मात्र चित्रीकरणाच्या वेळी ताजा होता, ही गोष्ट प्रेक्षकांच्या चर्चेत क्वचितच येते. धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांनी एका कंपनीच्या आडून तेथील सुमारे ३५,००० एकर जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी विकत घेतली होती. १९४३ मध्ये तेथे राष्ट्रीय स्मारक (म्हणजे संरक्षित प्रदेश) घोषित होताच चिडलेल्या पशुपालकांनी त्यातून गुरे हाकून निषेध केला, आणि त्यांच्यात वॉलेस बीरी हे चित्रपट अभिनेतेही होते. तो भाग १९५० मध्ये ग्रँड टिटॉन उद्यानात विलीन झाला. पुढच्याच वर्षी तेथे कुंपणांच्या भांडणाचा चित्रपट उभा राहिला.

रायकरचे रात्रीचे भाषण हे प्रेक्षकमतांचे सर्वांत मोठे विभाजनस्थान होय. स्टॅरेटच्या अंगणात घोड्यावर बसून तो सांगतो की, हा मुलूख आम्ही राहण्याजोगा केला. शायेन या आदिवासी जमातीच्या बाणाने दुखावलेला आपला खांदा अजून बरा नाही. आणि आता आलेले लोक कुंपणे घालतात, पाट काढतात, त्यामुळे ओढा कधी कधी कोरडा पडतो. स्टॅरेट उत्तर देतो की, फासे लावून शिकार करणारे आणि आदिवासींशी व्यापार करणारे तुझ्याही आधी येथे होते, आणि पहिला आल्याने इतरांचा हक्क बुडतो असे सरकार मानत नाही. एका बाजूच्या प्रेक्षकांना या प्रसंगामुळे रायकर खलनायक न राहता कालबाह्य झालेला माणूस वाटतो, आणि हे चित्रपटाचे बलस्थान ठरते. दुसरी बाजू म्हणते की, एवढे न्याय्य म्हणणे त्याच्या तोंडी घालून पुढे विल्सनसारखा निखळ दुष्ट आणणे ही पटकथेची पळवाट आहे. तिसरा आक्षेप अलीकडचा असून तो अधिक मूलगामी आहे. दोघेही ज्या भूमीवर भांडतात तिचे आधीचे रहिवासी, म्हणजे शोशोनी, शायेन, अरापाहो इत्यादी लोक, पडद्यावर येत नाहीत. त्यांचा उरलेला ठसा एका खांद्यातील जखमेएवढाच.

हिंसेच्या चित्रणाविषयी मतैक्य तुलनेने जास्त आहे. टॉरी या वसाहतकऱ्याची हत्या बहुतेकांच्या स्मरणात राहते. तो चिखलात पाय सावरत चालतो, वर फळ्यांच्या कोरड्या ओट्यावरून विल्सन त्याच्याच गतीने पावले टाकतो, हातमोजा चढवतो, अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेच्या सेनानींना शिव्या देऊन त्याला डिवचतो, आणि गोळी बसताच टॉरी मागे फेकला जाऊन चिखलात पडतो. हा झटका अंगाला बांधलेल्या तारा ओढून साधला होता. स्टीव्हन्स यांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या चित्रीकरण पथकाचे नेतृत्व केले होते आणि डाखाऊ छळछावणीची दृश्ये त्यांनी नोंदविली होती. गोळी लागलेला माणूस खेळात पडल्यासारखा पडत नाही, हा आग्रह त्या अनुभवातून आला असे मानले जाते. बंदूक हे कुदळीसारखे अवजार असून भलेबुरे वापरणाऱ्यावर ठरते हे शेनचे म्हणणे, आणि खोऱ्यात तुझ्यासकट कोणाचीच बंदूक नको हे स्टॅरेटची पत्नी मॅरियन हिचे उत्तर, ही दोन्ही वाक्ये बंदुका बाळगण्याविषयीच्या वादातील दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने उद्धृत करतात.

समीक्षकांपैकी रॉबर्ट वॉरशो यांनी १९५४ मध्ये आणि आंद्रे बाझँ यांनी त्या सुमारास मांडलेले आक्षेप महत्त्वाचे आहेत. बाझँ यांच्या मते हा 'महावेस्टर्न' असून त्याला नुसते वेस्टर्न असणे अपुरे वाटते. वॉरशो यांना शेन हा माणसापेक्षा दंतकथेची सुबक आकृती वाटला. सामान्य प्रेक्षकांच्या तक्रारी अधिक ठोस असतात. लॅड उंचीला कमी, त्याचा झालरीचा पोशाख शेतगड्याला न शोभणारा आणि जोईची सततची हाक कानाला त्रासदायक, या त्यांतील नेहमीच्या. मुलाच्या नजरेतून सारे दिसते, तेव्हा नायक चकचकीत दिसणारच, हा त्यावरील प्रतिवाद सयुक्तिक आहे. बुंधा उपटण्याच्या प्रसंगात दोन पुरुष घामेजून कुऱ्हाडी चालवीत असताना तर दंतकथेचा मागमूसही राहत नाही.

शेवटी शेन मरतो काय, हा प्रश्न इतका रूढ आहे की १९९८ च्या एका थरारपटात दोन पात्रे त्यावर वाद घालतात. तो जखमी आहे, त्याचा एक हात लोंबतो आणि घोडा दफनभूमीतून जातो, एवढेच पडद्यावर आहे. कादंबरीही निर्णय देत नाही. मृत्यूचा पक्ष दफनभूमीवर भर देतो. पण घोड्यावरून चढण चढणारा स्वार मेलेला कसा, याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडे नाही.

पडद्याच्या प्रमाणाचा वाद तांत्रिक असला तरी मतांवर परिणाम करणारा आहे. चित्रपट १.३७:१ (रुंदी : उंची) या त्या काळच्या नेहमीच्या चौकटीसाठी चित्रित झाला होता. संपादन लांबल्याने तो १९५३ च्या एप्रिलमध्ये बाहेर पडला, तेव्हा रुंद पडद्याची लाट आली होती, आणि पॅरामाउंटने तो वरून-खालून झाकून १.६६:१ प्रमाणात दाखविला. हिशेब केल्यास चित्राची सुमारे सतरा ते अठरा टक्के उंची त्यात गेली. टिटॉनची शिखरे आणि घोडेस्वारांच्या टोप्या यांची रचना उंचीवर तोललेली असल्याने ही कात्री किरकोळ नव्हती. २०१३ मध्ये ब्ल्यू-रे आवृत्ती १.६६ मध्ये काढण्याचे जाहीर होताच चित्रपटप्रेमींनी विरोध केला आणि ती अखेर १.३७ मध्येच निघाली. पहिल्या प्रदर्शनातील प्रमाण हेच प्रमाणभूत, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, पण छायाचित्रकाराने दृश्यचौकटीतून पाहिले ते प्रमाण अधिक विश्वसनीय ठरते. पुढील कित्येक दशके दूरचित्रवाणीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यावर शेन पाहणाऱ्यांना डोंगर पूर्ण उंचीचे दिसले. १९५३ मध्ये मोठ्या शहरांत तिकीट काढून बसलेल्यांना ते तसे दिसले नव्हते.