डॉक्टरांची औषधमाहिती

बाजारात आलेली नवी औषधे, बंद झालेली जुनी औषधे आणि नव्याने लक्षात आलेले धोके प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी साधने व पद्धती. एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात औषधशास्त्राची परीक्षा होते. चिठ्ठ्या मात्र पुढे तीस-चाळीस वर्षे लिहायच्या असतात. येथे भारतातील स्थितीचा विचार केला आहे.

मात्रा किती, कोणाला देऊ नये, कशासोबत देऊ नये, हे कोणाचीही भलामण न करता सांगणारा सरकारी ग्रंथ म्हणजे नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया. त्याच्या आवृत्त्या १९६०, १९६६ आणि १९७९ मध्ये निघाल्या; चौथी निघाली थेट २०११ मध्ये. ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी १९८१ पासून वर्षातून दोनदा छापली जात असताना आपल्याकडे एक पिढी ताज्या सरकारी ग्रंथाविना गेली. पुढे २०१६ आणि २०२१ मध्ये नव्या आवृत्त्या आल्या, पण तोवर सवयी पडून गेल्या होत्या. टेबलावर असे ते सिम्स किंवा ड्रग टुडे, म्हणजे बाजारातील ब्रँडच्या छापील सूची. ब्रँड शोधायला या सूची सोयीच्या; दोन औषधांत सरस कोणते, हे त्यांतून कळत नाही.

खरी जागा घेतली ती औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी, म्हणजे एमआरनी. ओपीडीत दोन पेशंटच्या मध्ये मिळालेल्या मिनिट-दोन मिनिटांत एमआर रंगीत फोल्डर उलगडतो, ब्रँडचे नाव चार वेळा घेतो, सॅम्पल ठेवतो आणि निघतो. तो खोटेच सांगतो असे नाही. अडचण न सांगितलेल्या गोष्टींची असते. तरीही तालुक्याच्या गावात नव्या औषधाची बातमी दारापर्यंत आणणारा बहुधा तोच. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्यास २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनी मनाई केली. कंपन्यांसाठीची विपणन आचारसंहिता २०१४ मध्ये ऐच्छिक स्वरूपात आली आणि २०२४ मध्ये नव्याने जारी झाली.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. वैद्यकीय संमेलनांना हजेरी लावून ते मिळतात. हजेरी म्हणजे अभ्यास नव्हे.

माहिती बदलते तरी किती वेगाने? मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत दोन किंवा अधिक औषधे एकत्र केलेल्या मिश्रणांवर, बंदी घातली. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. अडीच वर्षांत तीच गोळी बेकायदा, कायदेशीर आणि परत बेकायदा झाली.

डॉक्टर या माहितीचा स्रोतही असतो. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा, २०१० मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो. औषधामुळे त्रास झाल्याचा नुसता संशय असला तरी कळवता येते. कारण सिद्ध करावे लागत नाही. अशा नोंदींच्या छाननीतूनच मासिक पाळीच्या वेदनांवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबाबत २०२३ च्या नोव्हेंबरअखेर इशारा निघाला: अंगावर पुरळ, ताप आणि आतील अवयवांना इजा करणारी ड्रेस नावाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्रास कळवण्याच्या अर्जात संशयित औषध, ते बंद केल्यावर काय झाले आणि बॅच क्रमांक हे विचारलेले असते. बॅच क्रमांकाचा रकाना भरणे अवघड जाते, कारण केमिस्ट चार गोळ्या कापून देतो आणि तो छापलेला तुकडा अनेकदा दुकानातच राहतो.