स्कीचे सामान नेण्यासाठी मोटारीवरील कॅरिअर व रूफ बॉक्स

मोटारीच्या छतावर घट्ट बसवलेले दोन आडवे दांडे आणि त्यांच्यावर स्की, स्नोबोर्ड, काठ्या व हिवाळी कपडे ठेवण्यासाठी जोडलेली पकड किंवा बंद पेटी, असा हा संच असतो. आल्प्स पर्वताच्या परिसरात, स्कँडिनेव्हियात, तसेच उत्तर अमेरिकेतील रॉकी आणि सिएरा नेवाडा पर्वतांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हिवाळ्यात असे संच लावलेल्या मोटारी सर्रास दिसतात. प्रौढ माणसाची आजची स्की साधारणपणे १५० ते १९० सेंटिमीटर लांब असते, तर मध्यम आकाराच्या मोटारीच्या डिकीची खोली एक मीटरच्या आसपासच असते. स्की आत घ्यायची तर मागची बैठक दुमडावी लागते आणि एक-दोन माणसांची जागा जाते. काही युरोपीय मोटारींत मागच्या बैठकीच्या मधोमध, हात टेकण्याच्या जागेमागे, स्की सरकवण्यासाठी छोटी खिडकी ठेवलेली असते. दोन माणसांच्या स्की तिच्यातून मावतात, चौघांच्या मावत नाहीत. शिवाय आत मोकळ्या ठेवलेल्या स्की अपघातात प्रवाशांवर आदळतात, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला छताचाच आधार घ्यावा लागतो.

जुन्या मोटारींच्या छताच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे आणि कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत अडकवून स्क्रूने आवळले जात. भारतात अ‍ॅम्बॅसडर व प्रीमिअर पद्मिनी या मोटारींवर वळकट्या आणि ट्रंका वाहणारे लोखंडी कॅरिअर याच रीतीने बसत. पुढे मोटारींचे आकार गुळगुळीत होत गेले, पन्हळ नाहीशी झाली आणि प्रत्येक मॉडेलसाठी वेगळ्या पकडीची गरज निर्माण झाली. या गरजेतूनच या वस्तूंचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. स्वीडनमध्ये एरिक थुलीन यांनी १९४२ मध्ये सुरू केलेली थुले ही कंपनी आरंभी मासे पकडण्याचे सापळे विकत असे. मोटारीवरील कॅरिअरकडे ती १९६० च्या दशकात वळली. अमेरिकेतील याकिमा ही कंपनी १९७० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील त्याच नावाच्या गावी सुरू झाली. १९९० च्या दशकात मध्यभागी अरुंद व टोकांना रुंद अशा वळणदार स्की लोकप्रिय झाल्या आणि दोन मीटरच्या सरळ स्की मागे पडल्या. त्यामुळे लांबीची अडचण कमी झाली, परंतु स्कीची रुंदी वाढल्याने पकडीत मावणाऱ्या जोड्यांची संख्या घटली.

निवड करताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे छताची भारक्षमता. बहुतेक ग्राहक पेटी किती लिटरची आहे हे आधी विचारतात आणि चूक तिथेच होते. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत छतावर किती किलो भार चालेल हे दिलेले असते. अनेक मोटारींसाठी हा आकडा ७५ किलो असतो, काही मोटारींसाठी ५० आणि काही मोठ्या गाड्यांसाठी १०० किलो असतो. यात दांडे, पेटी आणि आतले सामान असे सगळे धरायचे असते. दांड्यांची मर्यादा वेगळी असते आणि पेटीची आणखी वेगळी; या तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान असेल तोच पाळावा लागतो. उदाहरणार्थ, छताची मर्यादा ७५ किलो असेल, पायांसह दांडे ६ किलोंचे आणि पेटी २० किलोंची असेल, तर सामानासाठी ४९ किलो उरतात. बाइंडिंगसह (बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या यंत्रणेसह) स्कीची एक जोडी सरासरी ६ किलोंची धरली, तर चार जोड्यांचे २४ किलो होतात आणि काठ्यांचे दोन-अडीच किलो. आता उरलेल्या साडेबावीस किलोंत चौघांचे स्की-बूट ठेवले, तर प्रत्येक जोडीचे सुमारे ४ किलो धरून १६ किलो तिथेच संपतात आणि कपड्यांच्या एका मध्यम बॅगेलाही वाव राहत नाही. पेटी मात्र अजून अर्धी रिकामी दिसत असते. म्हणून स्की-बूट, बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या, खाण्याचे डबे असे जड जिन्नस डिकीत तळाशी ठेवावेत आणि छतावर लांब पण हलक्या वस्तू व फुगीर जाकिटे न्यावीत, हा नियम कटाक्षाने पाळण्याजोगा आहे. काही मोटार कंपन्या उभ्या गाडीच्या छतावर तंबू लावण्यासाठी याहून बराच मोठा आकडा देतात. तो चालत्या गाडीला लागू होत नाही.

दांडे कसे बसणार हे छताच्या रचनेवर अवलंबून असते. स्टेशन वॅगन व एसयूव्ही यांच्या छतावर लांबीच्या दिशेने उंचावलेल्या नळ्या असतात. त्यांना पकड लावणे सर्वांत सोपे आणि दांडे पुढेमागे सरकवण्याची मुभाही तिथेच सर्वाधिक असते. काही मोटारींच्या नळ्या छताला चिकटलेल्या असतात, तर काहींच्या छतावर झाकणाखाली लपवलेले ठराविक स्क्रू-बिंदू असतात. साध्या सपाट छतावर दाराच्या चौकटीत आकडा अडकवून पाय आवळावे लागतात आणि तेथे त्या मॉडेलसाठीच बनवलेला जोडसंच वापरणे अनिवार्य असते. दुसऱ्या गाडीचा जवळपास बसणारा संच लावणे धोक्याचे आहे. चौकोनी पोलादी दांडे स्वस्त आणि भक्कम असतात, पण वाऱ्यात घोंघावतात. विमानाच्या पंखासारखा छेद असलेले ॲल्युमिनियमचे दांडे महाग असले तरी आवाज कमी करतात, आणि त्यांच्या वरच्या खाचेत पकड सरकवून बसवता येत असल्याने दांड्याची पूर्ण रुंदी उपयोगात येते.

दांड्यांवर उघडी पकड लावावी की बंद पेटी, हा पुढचा प्रश्न. उघडी पकड म्हणजे रबरी अस्तर असलेल्या दोन लांब पट्ट्या, ज्यांच्या मध्ये स्की चिमट्यात धरल्यासारख्या दाबून कुलूप लावता येते. रुंदीनुसार तिच्यात स्कीच्या चार किंवा सहा जोड्या, अथवा दोन ते चार स्नोबोर्ड बसतात. ती हलकी आणि स्वस्त असते आणि ठेवायला जागा फार लागत नाही. विकत घेण्यापूर्वी एक तपशील प्रत्यक्ष मोजून पाहावा. स्कीची जोडी तळाला तळ लावून ठेवली की एका स्कीचे बाइंडिंग वर येते आणि दुसरीचे खाली लोंबते. पकड बुटकी असेल, तर खालचे बाइंडिंग छताच्या रंगावर घासत राहते आणि काचेचे छत असल्यास नुकसान बरेच मोठे होते. म्हणून पकडीखाली उंची वाढवणारे ठोकळे मिळतात. स्कीची वळलेली टोके मागच्या दिशेला ठेवावीत, म्हणजे वारा त्यांच्याखाली शिरून त्यांना उचलत नाही. उघड्या पकडीचा मोठा दोष म्हणजे रस्त्यावरचे मीठ. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ पुढच्या गाड्यांच्या चाकांतून उडते, स्कीच्या पोलादी कडांना गंज चढवते आणि बाइंडिंगच्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसते. स्की करताना पडल्यास पाय वाचवण्यासाठी बाइंडिंग योग्य क्षणी सुटावे लागते; त्यात मीठ आणि चिखल गेलेला चालणार नाही. तासा-दीड तासाच्या अंतरावर दिवसभरासाठी जाऊन येणाऱ्या दोघांना उघडी पकड पुरते, पण उतरल्यावर स्की गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या करण्याची सवय हवी. आठवडाभरासाठी शेकडो किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाने पेटीच घ्यावी.

पेटी बहुधा एबीएस या प्लॅस्टिकच्या पत्र्याला उष्णतेने आकार देऊन बनवलेली असते. तिची क्षमता लिटरमध्ये सांगतात, परंतु स्कीसाठी खरा आकडा आतल्या लांबीचा असतो. बाहेरून दोन मीटर दिसणारी पेटी निमुळत्या नाकामुळे आतून बरीच कमी भरते. रुंद पेटीत एखादी लांब स्की तिरकी बसते, पण चार जोड्या तिरक्या बसत नाहीत. सर्वांत लांब स्कीपेक्षा आतली लांबी निदान पाच-दहा सेंटिमीटर जास्त असावी. दुसरीकडे, लांबी वाढली की मागच्या दरवाजाची अडचण येते. हॅचबॅक व वॅगन यांचा मागचा दरवाजा वर उघडताना छताच्या रेषेच्याही वर जातो आणि पेटीच्या शेपटीवर आपटतो. दरवाजा पूर्ण उघडून, त्याची वरची कड आणि पुढचा दांडा यांमधील आडवे अंतर मोजावे आणि पेटी तेवढ्यात बसवताना ती पुढच्या काचेवर फार झुकत नाही ना हे पाहावे. पेटीच्या पकडी ज्या पट्ट्यात सरकतात त्याची लांबी आणि दोन दांड्यांमधील अंतर जुळणेही आवश्यक असते. आखूड छताच्या छोट्या गाडीत हे सगळे एकत्र जुळत नाही. तेथे लांब व अरुंद पेटी एका बाजूला लावून उरलेल्या दांड्यावर उघडी पकड बसवणे हा चांगला मार्ग आहे. एकाच बाजूने उघडणारी पेटी असेल, तर तिचे तोंड पदपथाच्या बाजूला असावे, म्हणजे वाहत्या रस्त्यात उभे राहून सामान काढावे लागत नाही. दोन्ही बाजूंनी उघडणारी पेटी त्या दृष्टीने सोयीची असते. गाडीची एकूण उंची आता सहज दोन मीटरच्या आसपास जाते आणि युरोपातील अनेक भूमिगत वाहनतळांची मर्यादाही तेवढीच असते. नवी उंची चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवावी.

जोरात ब्रेक लावल्यास सामान स्वतःच्या वजनाइतक्या बलाने पुढे ढकलले जाते आणि टकरीत हे बल कित्येक पटींनी वाढते. पेटीत सुट्या ठेवलेल्या स्की अशा वेळी पुढची भिंत फोडून बाहेर पडू शकतात. म्हणून स्कीची प्रत्येक जोडी पट्ट्याने बांधून पिशवीत घालावी, पेटीच्या तळाशी असलेल्या कड्यांना पट्टे ओढून बांधावी आणि टोकांपुढे मऊ कपड्यांची गादी ठेवावी. सर्वांत जास्त वजन दोन दांड्यांच्या मधल्या भागात यावे. जर्मनीचे डीआयएन ७५३०२ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १११५४ ही मानके अशा साधनांसाठी आहेत. विकत घेताना त्यांचा उल्लेख शोधावा. छतावरच्या भाराने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर गाडी अधिक झुकते आणि पुलावर बाजूचा वारा जाणवतो. अनेक उत्पादक ताशी १३० किलोमीटरची कमाल मर्यादा देतात, पण बर्फाच्या रस्त्यावर त्याच्या जवळपासही जाऊ नये. पहिले काही किलोमीटर गेल्यावर थांबून सर्व पकडी पुन्हा तपासाव्यात.

इंधनाचा खर्च अनेकांच्या लक्षात येत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ९० वरून १३० किलोमीटरवर गेल्यास तो दुपटीहून अधिक होतो. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार छतावरील मोठ्या, बोथट पेटीमुळे गाडीचे अ‍ॅव्हरेज शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगात १० ते २५ टक्के घटते. मागच्या बाजूला लावलेल्या पेटीने ही घट शहरात १ ते २ आणि महामार्गावर १ ते ५ टक्केच होते. ॲलन मायर व युचे चेन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१५ साली अमेरिकेतील हलक्या वाहनांच्या एकूण इंधनापैकी सुमारे ०.०८ टक्के इंधन छतावरील कॅरिअरमुळे खर्च झाल्याचा अंदाज मांडला, आणि त्यात रिकाम्या कॅरिअरचा वाटाही धरला होता. विजेवर चालणाऱ्या मोटारीत हाच रोध एका चार्जिंगमध्ये जाता येणारे अंतर कमी करतो, आणि थंडीने बॅटरी आधीच मंदावलेली असते. हंगाम संपताच पेटी आणि दांडे दोन्ही उतरवले पाहिजेत. आळसाने वर्षभर छतावर ठेवलेली पेटी हा निव्वळ अपव्यय आहे.

कुलपाची बाब छोटी, पण थंडीत महत्त्वाची. अनेक पेट्यांत सर्व खिट्ट्या नीट बसल्याशिवाय किल्ली निघत नाही आणि झाकण अर्धवट राहण्याचा धोका त्यामुळे टळतो. गोठलेल्या कुलपासाठी लागणारा फवारा पेटीत न ठेवता खिशात ठेवावा.

महाराष्ट्रातून गुलमर्ग किंवा औलीला जाणारे बहुतेक पर्यटक स्की तिथेच भाड्याने घेतात, त्यामुळे त्यांना हा संच लागत नाही. टंगमर्गहून गुलमर्गला चढणाऱ्या गाड्यांच्या साध्या लोखंडी कॅरिअरवर दोरीने बांधलेले सामान जाते. म्युनिक, झ्युरिक, सिअ‍ॅटल किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे मात्र मुले स्की शिकू लागली की ही निवड हमखास येते. वर्षातून एकदाच डोंगरात जाणाऱ्याने पेटी विकत घेण्याची घाई करू नये. युरोप व अमेरिकेत सुट्या भागांची अनेक दुकाने दांडे आणि पेटी आठवड्याच्या भाड्याने देतात. काही ठिकाणी तिथले कामगार ती गाडीवर बसवूनही देतात. दोन मीटरची पेटी उरलेले वर्षभर घरात कुठे ठेवायची, ही सदनिकेत राहणाऱ्यांची अडचणही त्याने सुटते.